मुलांना बल आणि गती शिकवायचीय? आधी एक गोटी शोधा

चौथी-पाचवीच्या मुलाला बल म्हणजे काय विचारलं की धडाधड व्याख्या म्हणून दाखवतं, पण घरंगळणारी गोटी का थांबली असं विचारा, उत्तर येतं "जोर संपला". सगळा घोळ इथेच आहे. जोर म्हणजे काय पेट्रोल आहे का संपायला?

सुरुवात सोप्पी ठेवा. ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल, बस. ड्रॉवर ओढायला लावा, दार ढकलायला लावा, क्ले दाबायला द्या, येणारा बॉल हाताने अडवायला सांगा. बलाने वस्तू हलते, थांबते, वेग बदलतो, दिशा बदलते, आकारही बदलतो, हे त्यालाच बोलू द्या.

आता गोटी. एक जाड पुठ्ठा मधोमध दुमडून खाच करा, एक टोक 2-3 पुस्तकांवर टेकवा, झाला उतार. गोटी वरून नुसती सोडायची, ढकलायची नाही हं, कारण हाताने ढकललं की दर वेळी जोर वेगळा लागतो आणि मग तुलनेला काही अर्थच उरत नाही. उताराच्या खाली आधी टॉवेल, मग सतरंजी, मग गुळगुळीत फरशी. प्रत्येक वेळी कुठपर्यंत जाईल याचा अंदाज आधी वहीत लिहायचा (हे मुलं हमखास टाळतात, सोडू नका), मग 3-3 वेळा सोडून टेपने अंतर मोजायचं. टॉवेलवर गोटी लगेच रुतते, फरशीवर पार भिंतीपर्यंत जाते. गोटी तीच, उतार तोच, मग तिला थांबवलं कोणी? खालच्या पृष्ठभागाने, म्हणजे घर्षणाने. खरं तर टॉवेल दबतो त्याचाही यात वाटा असतो, पण या वयात घर्षण म्हटलं तरी चालतं.

मग विचारा, फरशी अजून गुळगुळीत केली तर? अजून? घर्षण अजिबातच नसेल तर? आणि गप्प बसा, उत्तर सांगायची घाई नको. गॅलिलिओ उतारावर गोळे सोडून याच प्रश्नाशी आला होता, पुढे 1687 मध्ये न्यूटनने तो नियम म्हणून छापला: अडवणारं कोणी नसेल तर वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने जातच राहते.

याची दुसरी बाजू ग्लासवर दाखवा. ग्लासवर कार्ड, त्यावर नाणं, कार्डाला आडवी टिचकी. कार्ड उडतं, नाणं टप्पकन ग्लासात. हे जडत्व, म्हणजे थांबलेली वस्तू थांबलेलीच आणि चालती चालतीच राहू पाहते. तेच कार्ड हळूच ओढलं तर नाणं त्याच्यासोबत सरकतं, कारण तेव्हा घर्षणाला नाणं ओढून न्यायला वेळ मिळतो.

चाल म्हणजे अंतर भागिले वेळ, हे 10 मीटर पळवून, स्टॉपवॉच लावून 5 मिनिटांत होतं.

एक प्रश्न मात्र येणारच, टेबलावर नुसतं पडलेल्या पुस्तकावर बल नाहीच ना? आहे की, पृथ्वी खाली ओढतेय आणि टेबल तेवढंच वर ढकलतंय, म्हणून ते जागचं हलत नाही. पटलं नाही तर तेच पुस्तक त्याच्या पसरलेल्या तळहातावर ठेवा आणि हात सरळ ठेव म्हणा. 2 मिनिटांत हात थरथरायला लागेल, तेव्हा सांगा, इतका वेळ टेबल हेच करत होतं.