माउथ ऑर्गन घेऊन स्टेजवर जाताना: पट्टीपासून माईकपर्यंतची तयारी

गिटारची तार उतरली तर दोन गाण्यांच्या मध्ये खुंटी पिळता येते. तबल्याचे गट्टे ठोकता येतात. माउथ ऑर्गनचा एखादा सूर बिघडला तर स्टेजवर त्याचं काहीच करता येत नाही. पितळेची रीड, म्हणजे हवेने थरथरून सूर देणारी पातळ पत्ती, आत बंद असते आणि वाजवताना आपल्याला दिसतही नाही. त्यामुळे जी काही दुरुस्ती करायची ती घरून करूनच निघावं लागतं. माझं बहुतेक वाजवणं हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, गणपतीच्या मांडवात आणि सोसायट्यांच्या कार्यक्रमांत झालं आहे. पुढची सगळी तयारी अशाच स्टेजसाठी आहे.

आधी वाद्य ठरवा

आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात ट्रेमोलोवर होते. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड असतात आणि त्या मुद्दाम सुरात एकमेकींपासून किंचित हललेल्या ठेवलेल्या असतात. त्यातूनच ती गोड थरथर येते. एकट्याने वाजवताना ती फार सुंदर लागते, पण कीबोर्डचा लांबलेला सूर शेजारी असला की सूर पक्का बसत नाही. शिवाय त्यात कोमल स्वर नसतात, म्हणून मुरलेले वादक पांढरी १ आणि काळी १ (पेटीवरची पहिली पांढरी आणि पहिली काळी यांना ‘सा’ मानणाऱ्या पट्ट्या) असे दोन ट्रेमोलो एकावर एक धरून वाजवतात. हे कसब यायला वर्षं लागतात.

गाण्यांच्या कार्यक्रमाला माझी पसंती क्रोमॅटिकला. १२ भोकं, ४८ रीड आणि उजव्या हाताला एक बटण. बटण दाबलं की प्रत्येक सूर अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे पेटीवरचे सगळे सूर एकाच वाद्यात मिळतात. १० भोकांचा छोटा डायटोनिक ब्लूज किंवा रॉक वाजवणाऱ्यांनी न्यावा. त्यात सूर वाकवता येतात. पण एक डायटोनिक म्हणजे एकच पट्टी, तेव्हा चार-सहा तरी जवळ हवेत.

पट्टीचा कागद

फजिती होते ती बहुतेक वेळा पट्टीवरून. गायक आयत्या वेळी म्हणतो, ‘आज घसा बसलाय, अर्धी पट्टी उतरवू.’ कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो आणि आपण तिथेच अडकतो. म्हणून आठवडाभर आधी गायकांना फोन करून प्रत्येक गाण्याची पट्टी विचारा. ‘ओरिजिनल स्केल’ या उत्तरावर थांबू नका. पांढरी की काळी आणि कितवी, हे वदवून घ्या. मग एका कागदावर गाणं, पट्टी, कोणता माउथ ऑर्गन आणि तुमचा तुकडा कोणत्या भोकावरून सुरू होतो, एवढं मोठ्या अक्षरात लिहा.

पांढरी १ च्या क्रोमॅटिकवर काळी १ वाजवण्याची एक युक्ती मला उशिरा उमगली. बटण दाबूनच धरायचं. मग सगळं वाद्य काळी १ चं होतं आणि बोटांना, ओठांना सवयीच्याच जागा राहतात. खरी मजा पुढे आहे. बटण दाबलेलं असताना जो स्वर शुद्ध, तोच बटण सोडल्यावर कोमल. रे, ग, ध, नी, चारही. तीव्र मध्यम हवा असेल तर पंचमाच्या भोकावर बटण सोडायचं. काळी १ मधली भैरवी यामुळे हातात इतकी सहज बसते की मी ती आता पांढरी १ मध्ये वाजवतच नाही. बाकीच्या काळ्या पट्ट्यांना ही सोय इतकी सरळ लागू पडत नाही. बायकांच्या आवाजाला वारंवार येणाऱ्या काळी ४ आणि काळी ५ यांचा वेगळा रियाज करावाच लागतो.

डायटोनिकवाल्यांसाठी हिशेब वेगळा. ब्लूजच्या पद्धतीने वाजवायचं असेल तर गाण्याच्या ‘सा’चा शुद्ध मध्यम ज्या पट्टीत येतो, त्या पट्टीचा माउथ ऑर्गन घ्यायचा. गाणं पांढरी ५ मध्ये असेल तर पांढरी १ चा, गाणं पांढरी ३ मध्ये असेल तर पांढरी ६ चा. अशा धरण्यात निषाद आपोआप कोमल मिळतो, म्हणजे आपला खमाज थाट (थाट म्हणजे रागांचा सात स्वरांचा साचा). त्याच पांढरी १ च्या वाद्यावर पांढरी २ ला ‘सा’ मानलं की काफी थाटाचे स्वर हाताशी येतात. थाट ओळखता येत असतील तर इंग्रजी तक्ते पाठ करण्याची गरज नाही.

आदल्या दिवशीची तपासणी

शांत खोलीत बसा आणि एकेक भोक सावकाश फुंकून आणि श्वास आत ओढून बघा. क्रोमॅटिकमध्ये बटण दाबून आणि सोडून, दोन्ही वेळा. ४८ सुरांना पाचेक मिनिटं लागतात. मोबाइलवरचं ट्यूनर समोर ठेवा. बहुतेक कंपन्या नेहमीच्या ४४० हर्ट्झपेक्षा किंचित चढा, ४४२ च्या आसपास सूर लावतात, कारण जोरात फुंकल्यावर रीड थोडी उतरते. त्यामुळे सगळे सूर सारखेच थोडे वर दिसले तर घाबरू नका. एखादाच सूर इतरांपेक्षा खाली दिसला तर ती रीड थकत आलेली आहे. डायटोनिकमध्ये बहुधा चौथ्या-पाचव्या भोकाची ओढीची रीड आधी जाते.

सूर अजिबात लागत नसेल तर वरचं झाकण उघडून बघा. अनेकदा रुमालाचा धागा किंवा कण अडकलेला असतो, तो लाकडी काडीच्या टोकाने हलकेच काढा. रीडला सुई लावू नका, एक बारीक ओरखडाही सूर बदलतो. ज्या पट्टीत सर्वांत जास्त गाणी आहेत, तिचा दुसरा माउथ ऑर्गन सोबत असायलाच हवा. पैसे मर्यादित असतील तर चांगला माईक नंतर घ्या, दुसरं वाद्य आधी घ्या.

ऊब आणि तोंड

एका वातानुकूलित नाट्यगृहात माझ्या तुकड्याचा पहिलाच सूर फुटला नाही, नुसता ‘प्टक’ असा आवाज आला. वाद्य शाबूत होतं, फक्त थंड होतं. क्रोमॅटिकच्या रीडवर हवा अडवण्यासाठी प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या असतात. थंड वाद्यात उबदार श्वास गेला की आत दव धरतं आणि या पट्ट्या रीड बसवलेल्या पत्र्याला चिकटतात. तेव्हापासून स्टेजवर जाण्याआधी वीस मिनिटं वाद्य शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतो आणि मग बंद मुठीत धरून सगळ्या भोकांतून हळूच श्वास आत-बाहेर करतो. ऊन किंवा गाडीचा डॅशबोर्ड ऊब द्यायला वापरू नका, वाद्याचा आतला भोकांचा सांगाडा (इंग्रजीत comb) लाकडी असेल तर तडकतो.

वाजवण्याआधी चहा, सरबत, पेढा, पान काही नको. साखरेची लाळ बटणाबरोबर सरकणाऱ्या पट्टीत गेली की ती पट्टी अडकू लागते. पाण्याने खळखळून चूळ भरा आणि बाटली जवळ ठेवा. स्टेजच्या दिव्यांखाली ओठ सुकतात, पण लिप बाम लावला तर तो भोकांच्या कडांवर बसतो. ओठ पाण्यानेच ओले करा.

साउंडचेक आणि माईक

भाड्याच्या साउंडमध्ये शुअरचा एसएम५८ किंवा त्याच्या धाटणीचा माईक असतो. १९६६ पासून बाजारात असलेला हा माईक माउथ ऑर्गनला उत्तम चालतो. फक्त तो कसा ऐकतो ते समजून घ्या. तो समोरचं उचलतो आणि बरोबर मागच्या बाजूचं सर्वांत कमी उचलतो. म्हणून मॉनिटर (स्टेजवर आपल्यालाच ऐकवणारा स्पीकर) माईकच्या थेट पाठीमागे ठेवायला सांगा. जाळीचा गोळा तळहातांनी झाकला की मागून आवाज गाळणारी छिद्रं बंद होतात, माईक सगळीकडचं ऐकू लागतो आणि शिट्टी सुरू होते. शिकागोच्या लिटल वॉल्टर या ब्लूज वादकाने १९५० च्या दशकात माईक मुठीत धरून जो जाड, फाटलेला आवाज काढला तो छोट्या अँप्लिफायरमधून होता. मांडवातल्या मोठ्या स्पीकरवर तो प्रयोग नको. तसल्या आवाजासाठी ओळखला जाणारा शुअरचा ग्रीन बुलेट माईक तुमच्याकडे असला, तरी तो हाय इम्पीडन्सचा आहे, म्हणजे मिक्सरच्या माईक-जोडणीशी थेट जुळत नाही. मिक्सरला जोडायचा तर मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो.

क्रोमॅटिकसाठी माईक स्टँडवर लावा आणि चार बोटांचं अंतर ठेवा. दोन्ही हात मोकळे राहतात, बटण नीट दाबता येतं, पंजा उघडून-मिटून आवाज हलवता येतो. माईकला स्विच असेल तर तो चालू करून वर चिकटपट्टी लावा.

साउंडवाल्या दादांशी आधी ओळख करून घ्या आणि नेमकं मागा. पांढरी १ च्या वाद्याचा सर्वांत खालचा सूर सुमारे २६२ हर्ट्झचा असतो, तेव्हा १५० च्या खालचं सगळं काढलं तरी आपलं काही जात नाही, उलट हाताचा आणि श्वासाचा खडखडाट जातो. आवाज कानाला टोचत असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात थोडं कमी करायला सांगा. इको गायकापेक्षा कमीच हवा, नाहीतर ओढीचे आणि फुंकेचे सूर एकमेकांत मिसळतात. तपासणीला सर्वांत मोठ्या आवाजाचा तुकडा वाजवा, नुसती सरगम नको.

स्टेजवर

शेजारी छोटं टेबल मागून घ्या, त्यावर सुती रुमाल पसरा आणि वाद्यं गाण्यांच्या क्रमाने मांडा. प्रत्येकाच्या डाव्या टोकाला, वरच्या बाजूला पट्टीचं मोठं स्टिकर लावा. अंधारात हात स्टिकरवर पडला की खालचे सूर कुठे आणि वरची बाजू कोणती, दोन्ही कळतं. घाईत वाद्य उलटं धरलं जाण्याची चूक तिथेच टळते. वाजवून झालं की वाद्य जिथून उचललं तिथेच ठेवा. मध्येच सूर अडला तर भोकं खाली करून तळहातावर दोनदा ठोका आणि उबदार श्वास ओढा. तरीही लागला नाही तर उघडत बसू नका, दुसरं उचला.

कार्यक्रम संपला की लगेच डबी बंद करू नका. ओलावा झटका, बाहेरून पुसा, आणि घरी पोहोचल्यावर डबीचं झाकण रात्रभर उघडं ठेवा. ज्या भोकाने त्रास दिला त्याचा नंबर झोपण्याआधी पट्टीच्या कागदावर लिहून तो कागद डबीत ठेवा.