छत्री भाड्याने देणारं यंत्र बनवताय? परत घेतानाच्या या चुका टाळा

रत्नागिरी किंवा चिपळूणच्या स्टेशनबाहेर छत्री भाड्याने देणारं स्वयंचलित यंत्र उभं करायचं, तर छत्री देणं हा सोपा भाग. कुलूप उघडलं की काम झालं. नमुने फसतात ते छत्री परत घेताना. ती ओली असते, घाईत अर्धवट मिटलेली असते, आणि ‘जमा झाली’ हे यंत्राला खात्रीने कळावं लागतं. म्हणून आराखड्याची सुरुवात परतीच्या खाचेपासून करा.

खाच कापडाच्या जाडीनुसार कापू नका. पट्टा न बांधलेली लांब छत्री सहज १० ते १२ सेंटीमीटर फुगते. दांडीच्या मापाची खाच ठेवा, दोन खाचांच्या मध्यांत १४ सेंटीमीटर अंतर सोडा, आणि मूठ वर, टोक खाली अशी छत्री समोरून सरकवता येऊ द्या. म्हणजे पाणी सर्किटपासून लांब गळतं. खाली उतार असलेला, बाहेर काढून धुता येणारा ट्रे हवा. त्याचा पाइप २५ मिलिमीटरचा तरी घ्या, बारीक पाइप शेवाळाने तुंबतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी टॅगची, म्हणजे रेडिओ लहरींनी छत्रीची ओळख सांगणाऱ्या चिपची. १३.५६ मेगाहर्ट्झचा साधा स्टिकर पोलादी दांडीला चिकटवला की धातू त्याचं चुंबकीय क्षेत्र दाबून टाकतो आणि टॅग वाचणारा रीडर गप्प बसतो. २५ मिलिमीटरचा गोल टॅग प्लास्टिकच्या मुठीच्या सपाट माथ्यात इपॉक्सीने बुजवा. रीडर वर, १५ ते २० मिलिमीटरवर. मूठ कशीही फिरली तरी वाचन होतं. आरसी५२२ रीडर ३.३ व्होल्टवरच चालवा. त्याच्या तारा मीटरभर लांब नेल्या तर वाचन अधूनमधून चुकतं आणि कारण सापडता सापडत नाही. चार खाचांना एक छोटा कंट्रोलर (यंत्र चालवणारा छोटा संगणक-बोर्ड) द्या आणि कंट्रोलर एकमेकांना आरएस-४८५ ने (लांब तारांवरही चालणारी जोडणी) जोडा.

‘टॅग दिसला, छत्री जमा’ हा नियमही घातक आहे. मूठ नुसती रीडरसमोर धरूनही कुणी डिपॉझिट परत मिळवेल. तीन गोष्टी एकत्र जुळायला हव्यात: टॅगचं वाचन, दांडी खाचेत असल्याची सेन्सरची खूण आणि कुलपाची जीभ पुढे आल्याची खूण. दांडीसाठी इन्फ्रारेड सेन्सर नको, पाण्याचा थेंब किंवा कोळ्याचं जाळंही त्याला फसवतं. दांडीने ढकलल्या जाणाऱ्या पट्टीवर चुंबक आणि समोर बंदिस्त हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा) हे जास्त टिकतं.

कुलूप उघडताना कंट्रोलर रिसेट होतो का? सोलेनॉइड, म्हणजे कुलूप ओढणारी विजेची कॉइल, एका झटक्यात मोठा प्रवाह ओढते आणि व्होल्टेज पडतं. कुलपांची आणि कंट्रोलरची वीज वेगळी करा, कुलपाजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि प्रत्येक कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड लावा. झटका अर्ध्या सेकंदाचा पुरे, कुलूप सतत चालू राहिलं तर कॉइल जळते. आयआरएफ५४० मॉसफेट (कुलपाचा प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) ईएसपी३२ कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टवर पुरता उघडत नाही, तापतो. इतक्या कमी व्होल्टवरही पुरता उघडणारा लॉजिक-लेव्हल मॉसफेट घ्या. दोन कुलपं एकाच वेळी कधीच उघडू नका.

खारी हवा कुणाला सोडत नाही. २०२ ग्रेडचं स्टील लवकर गंजतं, ३०४ वरही किनाऱ्याजवळ तांबूस डाग येतात, म्हणून कुलपाचे भाग आणि स्क्रू ३१६ चेच. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टीलचा स्क्रू थेट बसवू नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ लेप, द्या आणि केबल पेटीच्या तळातूनच आत घ्या. वरून घेतली तर पाणी तारेवरून ओघळत आत शिरतं. तपासणीसाठी ९५० मिली पाण्यात ५० ग्रॅम मीठ घालून सुट्या नमुन्यांवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फवारा. जांभ्याच्या भिंतीत फास्टनर सैल होतो, तिथे मागे पट्टी लावून आरपार बोल्ट टाका. चिपळूणसारख्या पुराच्या गावात विजेचे भाग जमिनीलगत ठेवू नका, २२ जुलै २०२१ चा पूर तिथे कुणी विसरलेलं नाही.

छत्र्याही विचार करून निवडा. घडीच्या छत्र्या किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उलट्या होतात. फायबरच्या काड्यांची लांब छत्री घ्या, त्या काड्या गंजत नाहीत.

पावसाळ्यात सोलरवर विसंबू नका. वीज गेली तरी कुलपं बंदच राहिली पाहिजेत आणि परतीचं काम बॅटरीवर चालू राहिलं पाहिजे. नेट नसेल तर नवी छत्री देणं थांबवा, पण परत आलेली नाकारू नका: वेळ आणि टॅग क्रमांक मेमरीत ठेवा, नेट आलं की डिपॉझिट सोडा. वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ बसवा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर यंत्राची वेळ चुकते आणि प्रवाशाला न वापरलेल्या तासांचं भाडं लागतं.