सोयाबीन खरेदीचा निरोप गावात पोचवताना

शेतकरी कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त घोटाळा करणारा शब्द म्हणजे ‘उद्या’. रात्री दहाला टाकलेला मेसेज कास्तकार सकाळी वाचतो आणि एक दिवस उशिरा माल भरून आणतो. म्हणून वार, तारीख, वेळ आणि काट्याची जागा चारही लिहा. एका मेसेजमध्ये एकच विषय ठेवा. खरेदीच्या खाली बियाण्याची थकबाकी जोडली की दोन्ही राहून जातात.

‘माल वाळवून आणा’ एवढ्यावर भागत नाही. ‘ओलावा 12 टक्क्यांच्या आत’ असं आकड्यात सांगा, नाहीतर काट्यावर वाद ठरलेला. सोबत सातबारा, आधार, पासबुक.

तोच निरोप अर्ध्या मिनिटाच्या आवाजी मेसेजमध्येही द्या, कारण म्हातारी माणसं वाचत नाहीत, ऐकतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि पानठेल्यावर कागद लावा.

तारीख बदलली तर जुना मेसेज ‘सर्वांसाठी’ डिलीट करा, कागदही काढा. मग गावप्रतिनिधी, मापारी आणि हमालांच्या मुकादमाला फोन करून नवी तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. नुसत्या ‘हो जी’वर फोन ठेवू नका.