खिडकी बघून चर्चचं वय सांगू नका

इंग्लंडमधल्या खेड्यात जुनं चर्च दिसलं की लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा. दाराशी ‘बारावं शतक’ असा फलक असेल, पण ही चर्च एका शतकात बांधून झालेली क्वचितच असतात.

खिडक्या आधी डोळ्यांत भरतात आणि त्याच फसवतात. गावात पैसा आला की जुन्या जाड भिंतीला भोक पाडून मोठी खिडकी बसवत. म्हणून मी आधी भिंतीचे कोपरे बघतो. एक लांब दगड उभा, पुढचा आडवा, असं आलटूनपालटून दिसलं तर काम सॅक्सन वळणाचं, बहुधा 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं त्याआधीचं; नॉर्थॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा मनोरा तसा आहे. मग दाराची कमान. अर्धवर्तुळाकार आणि वर नागमोडी नक्षी असेल तर नॉर्मन. टोकदार कमानी साधारण 1190 नंतरच्या. खिडकीच्या माथ्यावर दगडी जाळी फुललेली असेल तर 1250 ते 1350, आणि सरळ उभ्या पट्ट्यांची रुंद खिडकी त्याही नंतरची. या शैलींची आज रुळलेली नावं वास्तुविशारद थॉमस रिकमनने 1817 मध्ये दिली.

नॉर्मन शिल्प बघायचं तर हेरफर्डशरमधलं किलपेक गाठा. छपराखालच्या दगडी तोंडांत कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी बसलेत. देवाच्या घरी एवढा वात्रटपणा!

आता आत. वेदीकडच्या भागाची, म्हणजे चॅन्सेलची, डागडुजी रेक्टरच्या, म्हणजे चर्चच्या प्रमुख धर्मगुरूच्या, खर्चाने होई. लोक उभे राहत त्या नेव्हची गावाच्या. त्यामुळे नेव्ह थाटाची आणि चॅन्सेल जेमतेम असं दिसलं तर नवल नको. सफकमधल्या लॅव्हनमचा थाट लोकरी कापडाच्या पैशाचा आहे.

दोन्हींच्या मधली कमान नीट न्याहाळा. बाजूच्या भिंतीत उंचावर, कुठेच न जाणारं छोटं दार सापडलं, तर तिथे क्रुसाचा लाकडी सज्जा होता. धर्मसुधारणेत सोळाव्या शतकात असे सज्जे पाडले गेले. नेव्हच्या दुसऱ्या टोकाला, मनोऱ्याच्या भिंतीवर तिरकी रेघ दिसली तर ती जुन्या छपराची.

सगळंच एकसारखं, धारदार कडांचं असेल तर मात्र एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीचा संशय घ्या. तेव्हा गिलावा खरवडताना किती भित्तिचित्रं गेली! त्याच खरवडीला वैतागून कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारती जपणारी संस्था काढली.