पाळणाघरातल्या ताईंचा ताण: आधी अवघड वेळा हेरा

मांडीवर एक रडतंय, दुसऱ्याची शी झालीय आणि दारात तिसऱ्याची आई उभी आहे, अशा वेळी ‘शांत राहा’ हा सल्ला कुणाच्याच कामाचा नाही. पाळणाघरातला ताण दिवसभर सारखा नसतो. बहुतेक ठिकाणी तो सकाळी मुलं सोडताना, दुपारच्या जेवणाला आणि संध्याकाळी न्यायच्या वेळी साठतो. आठवडाभर एका वहीत फक्त एवढंच लिहा: आवाज कधी चढला आणि तेव्हा हाताखाली किती मुलं होती. मग बदल तिथेच करा.

सकाळी दोघी ताई दाराशी धावल्या तर आतली मुलं बिथरतात. एकीने दार सांभाळावं आणि पालकांना तीनच गोष्टी विचाराव्यात: झोप कशी झाली, शेवटचं काय खाल्लं, औषध दिलंय का. दुसरीने आत जमिनीवर बसून राहावं. औषधाचा प्रश्न कधीच गाळू नका. घरून पॅरासिटामॉल देऊन आणलेलं मूल चार ते सहा तासांत पुन्हा तापू शकतं, म्हणजे नेमकं जेवणाच्या धांदलीत. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच मूल घ्यायचं, हा नियम प्रवेशाच्या वेळीच लेखी द्या. नाहीतर रोज ताईंनाच वाईटपणा घ्यावा लागतो.

जेवण दोन पंगतींत करा. दोन वर्षांखालच्यांना साडेअकराला, मोठ्यांना सव्वाबाराला. वरणभात आधीच कालवून ठेवा.

सगळ्यात कठीण प्रसंग म्हणजे रडायचं थांबतच नाही असं तान्हं बाळ. भूक, लंगोट, ताप, कपड्यात टोचणारं काही, हे सगळं पाहून झालं आणि तरी रडणं सुरूच असेल, तर दुसऱ्या ताईकडे बाळ द्या. ती मोकळी नसेल तर बाळाला पाळण्यात पाठीवर झोपवा, आत उशी किंवा सैल दुपटं ठेवू नका, आणि दोन-तीन मिनिटं जरा बाजूला व्हा, बाळ नजरेआड न करता. बाळ काही मिनिटं रडलं म्हणून त्याला इजा होत नाही. चिडून हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ‘मला आता जमत नाहीये, तू घे’ हे वाक्य बिनदिक्कत म्हणता आलं पाहिजे, आणि ते म्हणणाऱ्या ताईला चालकांनी नंतर कधीही टोमणा मारू नये.

दुपारी मुलं झोपली की भांडी, नोंदवही, पालकांच्या ग्रुपवरचे फोटो यांतच सुट्टी संपते. प्रत्येकीला आळीपाळीने 20 मिनिटं खोलीबाहेर द्याच. झोपलेल्या मुलांजवळ दुसरी जागी हवी. ग्रुपवर दिवसातून एकच निरोप, तोही याच वेळेत. बऱ्याच जणी बाथरूमला जायला मिळत नाही म्हणून पाणीच कमी पितात आणि लघवीच्या जळजळीने हैराण होतात. तेव्हा सकाळी एकदा आणि दुपारी एकदा जायची वेळ ठरवून घ्या.

कंबरेचं दुखणं हाही ताणच. लंगोट बदलायला कंबरेइतक्या उंचीचं टेबल घ्या, पण एक हात कायम बाळावर हवा. चालणारी मुलं शक्यतो उचलू नका. उचलायचंच असेल तर गुडघ्यात वाकून, मूल छातीशी धरून उठा.

संध्याकाळी मूल न्यायला उशीर झाला तर लागणारा दर पाटीवर लिहा, आणि तो पैसा थांबलेल्या ताईलाच द्या.

दोन आठवडे झोप लागत नसेल, मुलांचा आवाज नकोसा होत असेल किंवा सकाळी निघतानाच रडू येत असेल, तर 14416 वर टेली मानसला फोन करा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असते.

महिन्याला एक तरी पगारी रजा द्या आणि त्यासाठी बदली ताई आधीच हेरून ठेवा. तिला आधी दोन अर्धे दिवस मुलांसोबत बसू द्या. नाहीतर मुलं नवा चेहरा पाहून रडतात आणि रजेवरच्या ताईचा फोन दिवसभर वाजत राहतो.