सायबर सुरक्षेची रिमोट नोकरी: लांबणाऱ्या भरतीत गावी राहून काय करावे

सायबर सुरक्षेच्या जागेसाठी अर्ज केल्यापासून ऑफर लेटर हातात पडेपर्यंत दोन-तीन महिने सहज निघून जातात. सायबर घटनांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते; ती हाताळणारा माणूस नेमताना मात्र त्याच कंपन्या अख्खा पावसाळा उलटू देतात. या विलंबामागे दरवेळी अनास्थाच असते असे नाही. ज्याच्या हाती सर्व्हरचे अधिकार, फायरवॉलचे नियम आणि ग्राहकांचे लॉग (संगणकांवरील हालचालींच्या नोंदी) द्यायचे, त्याला प्रत्यक्ष न भेटताच कामावर घ्यायचे असल्याने तांत्रिक प्रमुख, एचआर, वित्त विभाग आणि पुष्कळदा परदेशातील ग्राहक अशा साऱ्यांची संमती लागते. म्हणून आपला अर्ज नेमका कुठे अडला आहे हे आधी ओळखावे, कारण प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा असतो.

अर्ज केल्या दिवसापासून एका वहीत तारीख, बोलणाऱ्याचे पद आणि त्याने दिलेला शब्द यांची नोंद ठेवावी. मुलाखत संपताना पुढचा टप्पा कोणता आणि निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे, हे दोन प्रश्न विचारावेत. सांगितलेली तारीख उलटली की तीन कामकाजाचे दिवस थांबून मुलाखतीची तारीख आणि पदाचे नाव लिहिलेला चार ओळींचा मेल पाठवावा, आणि उत्तर न आल्यास दहा दिवसांनी आणखी एक. त्यानंतर तो अर्ज बाजूला ठेवून दुसरीकडे लक्ष वळवावे. एचआरला व्हॉट्सॲपवर रोज ‘काही कळले का’ म्हणून विचारल्याने काम पुढे सरकल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

मुलाखतींच्या फेऱ्या जून ते सप्टेंबरच्या दरम्यान आल्या तर कोकणात खरी कसोटी विजेची असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावे दीर्घकाळ अंधारात होती. पण तेवढे मोठे वादळ नसले तरी माडाची एक झावळी तारेवर पडायला पुरते. घरी इन्व्हर्टर असूनही फायबरचा राउटर साध्या प्लगवर राहून गेल्याचे अनेक घरांत आढळते, तेव्हा तो आणि भिंतीवरची फायबरची पेटी दोन्ही इन्व्हर्टरच्या जोडणीवर आहेत ना, हे मुख्य स्विच बंद करून एकदा पाहावे. फायबरच तुटल्यास हाताशी असावे म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड ठेवावे आणि त्याची रेंज पडवीत चांगली येते की माडीवर, हेही आधीच पाहून ठेवावे. मुलाखत घेणाऱ्याला ही सोय स्वतःहून सांगावी. आपण गावी राहतो ही गोष्ट लपवू नये; कंपनीच्या लॉगमध्ये आयपी पत्ता, म्हणजे आपल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतोच, आणि सुरक्षेच्या माणसाने व्हीपीएन लावून ठिकाण लपवले तर तेवढ्यावरून नकार येऊ शकतो.

अमेरिकेतील चमूबरोबर फेऱ्या असतील तर तिथले घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाते हे ध्यानात असावे. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले संध्याकाळचे सात. लांबलेली भरती नोव्हेंबरात शिरली की तेच आठ होतात.

तांत्रिक फेरीत लॉगची फाइल देऊन हल्ल्याचा माग काढायला सांगितले जाते. उत्तर बरोबर असण्याइतकेच महत्त्व अहवालाला असते: काय घडले, पुरावा कोणता, कशाविषयी खात्री नाही, असे वेगवेगळे लिहावे. जुन्या नोकरीतील घटना सांगताना ग्राहकाचे नाव, आयपी पत्ते किंवा स्क्रीनशॉट देऊ नयेत. समोरच्याने खोदून विचारले तरी गोपनीयतेच्या कराराचे कारण नम्रपणे सांगावे. पुष्कळदा तोच प्रश्न परीक्षेचा असतो. मधल्या रिकाम्या आठवड्यांत वाझुह हे लॉग तपासून धोक्याच्या खुणा दाखवणारे मोफत साधन घरच्या दोन संगणकांवर बसवून सराव चालू ठेवावा, कारण पहिल्या आणि शेवटच्या फेरीत महिन्याचे अंतर पडले की हात जड होतो.

सर्वांत जास्त वेळ जातो तो बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये, म्हणजे जुन्या नोकऱ्या आणि पत्ता यांच्या पडताळणीत, आणि इथे उमेदवाराला बरेच काही आधी करता येते. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आपल्या यूएएनखालील (भविष्यनिर्वाह निधीच्या कायम क्रमांकाखालील) सेवा-इतिहास पाहावा. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखे दिसते. ही तारीख शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः नोंदवता येते. दुसरी अडचण खास आपल्याकडची. आधार कार्डावर डोंबिवलीचा किंवा विरारचा पत्ता आणि मुक्काम गुहागर तालुक्यातील वाडीत, अशी स्थिती असल्यास अर्जात कायमचा आणि सध्याचा असे दोन्ही पत्ते स्पष्ट लिहावेत. वाडीतल्या घराला पाटी नसते आणि पडताळणीसाठी आलेल्याने आपले अधिकृत नाव सांगितले तरी वाडीत कोणी ते ओळखत नाही, म्हणून पत्त्यात वाडीचे नाव, जवळचे देऊळ किंवा शाळा आणि वडिलांचे नाव द्यावे, शेजारच्या काकांनाही कल्पना देऊन ठेवावी. माझी पडताळणी ‘पत्ता सापडला नाही’ या शेऱ्यावर तीन आठवडे अडली होती, आणि तो शेरा आल्याचे मला कोणी कळवलेही नव्हते.

ही पडताळणी पूर्ण झाल्याचे लेखी कळेपर्यंत हातची नोकरी सोडू नये. नोटीस पिरियड ६० किंवा ९० दिवसांचा असल्याने घाई करण्याचा मोह होतो, परंतु ऑफर लेटरमध्ये पडताळणीच्या अधीन राहून नेमणूक असल्याचे कलम बहुधा असतेच. रुजू होण्याची तारीख पडताळणीच्या निकालापासून मोजावी, अशी विनंती केल्यास ती सहसा मान्य होते. लॅपटॉपसाठी अनामत किंवा प्रशिक्षणाचे शुल्क मागितले गेले तर ती ऑफर खोटी समजावी, मेलचा डोमेन (पत्त्यातील @ नंतरचा भाग) आणि हेडर (मेल कुठून आला याची नोंद) तपासावेत, आणि पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

कंपनीचा लॅपटॉप कुरिअरने येतो, आणि वाडीपर्यंत न येता पुष्कळदा तालुक्याच्या ठिकाणीच थांबतो. त्यामुळे तिथल्या एखाद्या नातेवाइकाचे दुकान पत्ता म्हणून चालेल का, हे एचआरला आधी विचारावे. चालत नसेल तर ओळखपत्र घेऊन स्वतः कुरिअरच्या कार्यालयात जावे, खोक्यावरचे सील तुटलेले नाही ना ते पाहावे, उघडण्यापूर्वी त्याचे फोटो काढावेत आणि सील तुटलेले असेल तर लॅपटॉप सुरू न करता तसेच कळवावे.