गॅस भरण्याआधी वजनकाटा बाहेर काढा

आमचं कोल्ड स्टोरेज कुपवाड एमआयडीसीत आहे. फेब्रुवारीत तासगावकडचा बेदाणा यायला लागला की दम खायला वेळ नसतो. स्टोअर माझ्याकडे, म्हणून तीन वर्षांपूर्वी कार्बनचा हिशेबही, म्हणजे आमच्यामुळे हवामान तापवणारे वायू किती सुटतात याची मोजदाद, माझ्याकडे आली. आता हा हिशेब मला दुसऱ्या कुणाकडे द्यायचा नाही.

आधी हद्द आखा. आपल्या ताब्यातल्या यंत्रात किंवा गाडीत जे जळतं आणि त्यातून जे गळतं, ते थेट उत्सर्जन, म्हणजे स्कोप १. महावितरणची वीज यात येत नाही, ती विकत घेतलेली, म्हणून स्कोप २. भाड्याने बोलावलेला ट्रकही नाही. आपला छोटा हत्ती मात्र कोल्हापूरला गेला तरी आपलाच.

डिझेल बिलांवरून मोजू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं आणि ३१ मार्चला शिल्लक असलेली दोन बॅरलं जळाली असं धरून बसले. सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा अखेरचा साठा, एवढंच खरं. बॅरलमध्ये पट्टी बुडवून दर महिन्याला आकडा लिहा. लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. कँटीनच्या १९ किलोच्या सिलिंडरचे साधारण ५७ किलो होतात; ते लिहा आणि पुढे चला.

खरा घोळ खोल्या थंड करणाऱ्या गॅसचा. आमच्या मोठ्या खोल्या अमोनियावर चालतात. अमोनिया गळला तर जिवाला धोका, पण हवामान तापवण्याच्या हिशेबात तो शून्य. लहान खोल्यांत आर-४०४ए नावाचा गॅस आहे. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदल समिती, तिच्या चौथ्या अहवालानुसार त्याचा एक किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ३,९२२ किलो. पाच किलो गळला तर १९.६ टन, म्हणजे ७,३०० लिटर डिझेल जाळल्यासारखं! हा गुणाकार मी तीनदा करून पाहिला.

एका हंगामात आमच्या मेकॅनिकने त्याच खोलीत तीनदा गॅस भरला. चिठ्ठीवर फक्त ‘गॅस टॉपअप’. किती किलो, कुणालाच माहीत नाही. शेवटी मी त्याच्यासोबत आत गेले. इव्हॅपोरेटरमागे, म्हणजे खोलीतल्या थंड करणाऱ्या कॉइलमागे, नळी जोडणाऱ्या एका फ्लेअर नटाखाली ओशट डाग होता. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणून डाग दिसला की तिथेच संशय घ्यायचा. नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचा फेस लावला, तर मोहरीएवढा बुडबुडा फुगायचा, फुटायचा, पुन्हा फुगायचा.

तेव्हापासून गळती सापडल्याशिवाय भरणं बंद. खोलीत गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर काट्यावर ठेवायचा. फरक (तेवढाच गॅस गळला असं धरायचं), खोलीचा नंबर आणि तारीख रजिस्टरला लिहायची. दुरुस्तीसाठी काढलेला गॅस हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी सिलिंडरमध्ये घ्यायचा आणि त्याचंही वजन करायचं. यंदा त्या खोलीत गॅस भरावाच लागला नाही. आता जनरेटरचं तास-मीटर डिझेलच्या पट्टीशी ताडून पाहतेय. दोन महिन्यांचा मेळ अजून बसत नाही.